हृदयविकाराच्या झटक्यानंतरचे पुनर्वसन

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत गुठळी होऊन रक्तप्रवाह अकस्मात खंडित झाला, म्हणजे त्या भागातील ऊतक मृत होते. या घटनेस हृदयविकाराचा झटका म्हणतात. त्यातून वाचलेल्या रुग्णास शारीरिक, मानसिक व सामाजिक दृष्ट्या शक्य तितके पूर्ववत जीवन स्वतःच्या प्रयत्नांनी जगता यावे, म्हणून केलेल्या सर्व उपायांचा समावेश पुनर्वसनात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञ समितीने १९६४ मध्ये केलेल्या व्याख्येचा आशय हाच आहे. केवळ आयुर्मर्यादा वाढविणे एवढेच पुनर्वसनाचे उद्दिष्ट नसून वाढलेल्या आयुष्याची गुणवत्ता टिकविणे हेही आहे.

इतिहास : मृत स्नायूच्या जागी तंतुमय ऊतकाचा घट्ट वण तयार होण्यास सुमारे सहा ते आठ आठवडे लागतात. तोपर्यंत श्रम झाल्यास हृदयाची भित्ती फाटेल, या भीतीने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुग्णास कित्येक आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवीत. बॉस्टन येथील सॅम्युएल लेव्हाइन व बर्नार्ड लाउन यांनी १९५२ मध्ये रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसविण्याची पद्धती मांडली. तिच्यामुळे अपाय तर झाला नाहीच, उलट रुग्णांचे मनोधैर्य वाढले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहौअर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये झटका आला. पॉल डडली व्हाइट या हृद्‌रोगतज्ञांच्या सल्ल्याने ते क्रमाक्रमाने कामावर परतले व १९५६ मध्ये पुन्हा निवडून आले. झटका म्हणजे कर्तृत्वाचा शेवट, ही लोकसमजूत त्यामुळे बरीच ढळली. डॅलस येथे १९६६ मध्ये पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर ठेवले असता त्यांची कमाल ऑक्सिजन-ग्रहणक्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. रुग्णास जाणवणाऱ्या अशक्तपणाचा काही भाग रोगाचा नसून विश्रांतीचाच असतो, हे यावरून स्पष्ट झाले.

शारीरिक पुनर्वसन : बंद रोहिणी फुग्याने उघडून तीत जाळीदार नलिका बसविण्याच्या उपचारामुळे गुंतागुंत नसलेला रुग्ण बहुधा थोड्याच दिवसांत घरी जातो. प्रथम घरातल्या घरात फिरणे, नंतर सपाट रस्त्यावर चालणे व पुढे अंतर आणि गती वाढविणे, असा क्रम असतो. चालताना सहज बोलता यावे, इतपतच वेग ठेवतात. छातीत दुखणे, धाप लागणे, घेरी येणे किंवा हृदयाचे ठोके अनियमित होणे यांपैकी कोणतेही लक्षण दिसल्यास तत्काळ थांबून वैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. दोन जिने त्रास न होता चढता येणाऱ्या रुग्णास सामान्यतः लैंगिक जीवन पुन्हा सुरू करता येते. तथापि नायट्रेट वर्गातील औषधे घेणाऱ्याने सिल्डेनाफिलसारखी औषधे घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायक प्रमाणात उतरतो. धूम्रपानाचा त्याग, आहारनियमन, रक्तदाब व मधुमेह यांचे नियंत्रण ही पुनर्वसनाची अविभाज्य अंगे होत. बरे वाटू लागताच औषधे परस्पर बंद करणे घातक ठरते. विशेषतः जाळी बसविलेल्या रुग्णाने गुठळीरोधक औषधे थांबविल्यास तेथे पुन्हा गुठळी होण्याचा संभव असतो.

मानसिक व सामाजिक बाजू : वण भरून आला, तरी भीती मागे राहते. छातीतील प्रत्येक कळ दुसऱ्या झटक्याची चाहूल वाटते, झोप उडते, कामात रस राहत नाही. सुमारे पाचांपैकी एका रुग्णास तीव्र अवसाद जडतो. माँट्रिऑल येथे झालेल्या व १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अवसादग्रस्त रुग्णांचे पहिल्या सहा महिन्यांतील मृत्युप्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळले. म्हणून उदासीनतेकडे स्वभावदोष म्हणून न पाहता तिच्यावर उपचार करणे अगत्याचे असते. कुटुंबीयांची अतिदक्षताही कधीकधी बाधक ठरते. पाण्याचा तांब्याही उचलू न दिलेला रुग्ण स्वतःला कायमचा पंगू समजू लागतो. यासाठी पती वा पत्नीसही प्रथमपासून माहिती द्यावी लागते. बैठे काम बहुधा काही आठवड्यांत सुरू करता येते. अंगमेहनतीच्या वा जोखमीच्या कामासाठी श्रमचाचणी घेऊन निर्णय करतात.

मूल्यमापन व भारतातील प्रयत्न : जीवनाची गुणवत्ता हृल्लेखावर उमटत नाही, ती रुग्णासच विचारावी लागते. त्यासाठी भावनिक, शारीरिक व सामाजिक अंगांसंबंधी २७ प्रश्नांची मॅकन्यू प्रश्नावली वापरतात. उपकरणे व प्रशिक्षित सेवक यांच्या अभावी भारतात पुनर्वसनाची सोय मोजक्याच रुग्णांना मिळते. यावर उपाय म्हणून देशातील २४ केंद्रांत ३,९५९ रुग्णांवर योगाधारित कार्यक्रमाची चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मृत्यू किंवा पुन्हा झटका येणे अशा गंभीर घटनांत निश्चित फरक दिसला नाही. परंतु रुग्णांना स्वतःचे आरोग्य अधिक चांगले वाटले आणि पूर्वीच्या व्यवहारांकडे ते अधिक प्रमाणात परतले. साध्या, अल्पखर्ची उपायांनीही रुग्णाचे दैनंदिन जीवन सावरता येते, हे या चाचणीचे महत्त्व होय.