सालीसकट

ऑरेंज वाइनचा संत्र्याशी काही संबंध नाही. ती पांढऱ्या द्राक्षांचीच असते, फक्त करायची रीत लाल वाइनची. नेहमीच्या पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आली की लगेच दाबून रस काढतात आणि साली-बिया बाजूला टाकतात. लाल वाइनमध्ये रस सालींसकट आंबतो, कारण रंग सालीत असतो. पांढऱ्या द्राक्षांनाही तसंच सालींसकट ठेवलं, की वाइन केशरी-तांबूस होते, वाळलेल्या जर्दाळूचा वास धरते आणि जिभेवर कोऱ्या चहासारखा तुरटपणा मागे ठेवते.

रीत जुनी आहे. जॉर्जियात जमिनीत पुरलेल्या ‘क्वेव्हरी’ नावाच्या मोठ्या रांजणांत द्राक्षाचा रस साली, बिया आणि कधी देठांसकट पाच-सहा महिने ठेवतात. तिथल्या नवाश्मयुगीन वस्त्यांमधल्या खापरांवर वाइनच्या खुणा सापडल्या, त्या सुमारे आठ हजार वर्षांपूर्वीच्या. २०१३ साली युनेस्कोने क्वेव्हरीच्या परंपरेला वारसा म्हणून मान्यता दिली. त्याआधीच इटली-स्लोव्हेनियाच्या सीमेवरच्या ओस्लाव्हिया गावात योश्को ग्राव्हनर या उत्पादकाने आधुनिक पोलादी टाक्यांचा नाद सोडला होता. तो २००० साली जॉर्जियाला गेला आणि पुढच्याच हंगामापासून क्वेव्हरीत वाइन करू लागला. त्याचा शेजारी स्टांको राडिकोन नव्वदच्या दशकाच्या मध्यापासूनच साली ठेवत होता. ‘ऑरेंज’ हे नाव मात्र एका ब्रिटिश वाइन व्यापाऱ्याने २००४च्या सुमारास दिलं, म्हणजे नाव मालाच्या मानाने अगदीच कोवळं.

या मंडळींची वाइन पहिल्या घोटात माणसाला दचकवते. म्हणून अलीकडे छोटे मळे सोपी ऑरेंज वाइन काढतात. साली महिनोन्‌महिने न ठेवता काही दिवसच ठेवायच्या, म्हणजे रंग आणि वास येतो, पण तुरटपणा माफक राहतो. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेच्या व्याख्येत सालींसह केलेल्या पांढऱ्या वाइनला किमान महिनाभराचा सहवास लागतो, त्यामुळे कागदावर या सोप्या बाटल्या त्या वर्गात बसतच नाहीत. नवख्या माणसाने सुरुवात मात्र यांच्यापासूनच करावी.

आता साल. पांढऱ्या वाइनमध्ये सालीचा संबंध काही तासांत संपतो. ऑरेंज वाइनमध्ये सालीवर जे असेल ते टाकीत उतरतं: रानटी यीस्ट, धूळ आणि फवारणीसुद्धा. त्यामुळे बाटलीवरचं ‘बायोडायनॅमिक’ इथे नुसती शोभा राहत नाही. ही पद्धत रुडॉल्फ स्टायनरने जून १९२४ मध्ये कोबरविट्झ इथे (हे गाव आता पोलंडमध्ये आहे) दिलेल्या आठ व्याख्यानांतून निघाली. गायीच्या शिंगात शेण भरून शरदात पुरायचं, वसंतात काढायचं, पाण्यात घुसळून शेतात शिंपडायचं, आणि कामं चंद्र-ग्रहांच्या पंचांगानुसार करायची. स्वतः स्टायनर दारूच्या विरोधात होता. आज त्याचं नाव सर्वाधिक मिरवतात ते वाइनवाले, ही गंमतच. शिंगाच्या खतात ग्रहांची शक्ती उतरते यावर माझा विश्वास नाही. पण त्या पंचांगाच्या निमित्ताने शेतकरी रोज वेलीपाशी जातो आणि रासायनिक औषध हातात घेत नाही, एवढं मला पुरेसं वाटतं. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यात निकोला जोली यांनी ऐंशीच्या दशकात ज्या द्राक्षावर ही पद्धत चालवून दाखवली, ते शेनिन ब्लां. नाशिकच्या पांढऱ्या वाइनचं मुख्य द्राक्षही तेच.

द्राक्ष तेच, पण वर्ष उलटं. नाशिकला एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. युरोपात वेल हिवाळ्यात निजते. इथे ती हिवाळ्यात घड पोसते. हिवाळाभर शिंग जमिनीत ठेवायचं, हे स्टायनरचं गणित त्यामुळे इथे बसत नाही. त्याहून मोठी अडचण गोडी छाटणीनंतरच्या परतीच्या पावसाची. फुटवे कोवळे असतानाच डाऊनी हा बुरशीरोग येतो, मागून भुरी. डाऊनीवर मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण सेंद्रिय शेतीतही चालतं, पण युरोपात त्यालाही सात वर्षांत हेक्टरी २८ किलो तांब्याची मर्यादा आहे. औषधाचा अंश म्हणजे काय, हे नाशिकने २०१० साली शिकून घेतलं. क्लोरमेक्वॅट क्लोराइडच्या अंशांमुळे तेव्हा निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली होती. ते वाढ रोखणारं औषध, वेलीच्या आत भिनणारं, आणि द्राक्षंही खायची, वाइनची नव्हेत. पण सालींसकट वाइन करू पाहणाऱ्याने तो धडा पाठ ठेवावा.

नाशिकहून घाट उतरून कर्जत-खालापूरला आलं, की द्राक्षांच्या सालीचा हा प्रश्नच मिटतो. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात त्याचा चौथा भागही जेमतेम. हवेतली ओल पाहता इथल्या द्राक्षाला बुरशीपासून वाचवायचं तर इतकं फवारावं लागेल, की साल बाजूला काढणंच शहाणपणाचं. हा भाताचा मुलूख आहे. कर्जतच्या संशोधन केंद्राच्या भातजाती कोकणभर लावल्या जातात. नेरळजवळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी नांगरणी आणि लावणी टाळून, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू देणारं भाततंत्र बसवलं. जमीन जिवंत ठेवायला इथे शिंग पुरावं लागलं नाही.

म्हणून घाटाखाली सालीसकट आंबवायचं फळ शोधायचं, तर मी जांभूळ निवडेन. रंग आणि तुरटपणा दोन्ही त्याच्याकडे मुळातच आहेत. झाड सहसा कुणी फवारत नाही. कोकणच्या फळाची वाइन होते, हे डहाणूजवळ बोर्डीला हिल झिल वाइन्सने चिकूवर दाखवून दिलं आहे. जांभळाच्या अडचणी वेगळ्या: साखर द्राक्षापेक्षा बरीच कमी, म्हणून वरून घालावी लागते, बी मोठी, ती चिरडली की कडवटपणा उतरतो, आणि फळ पहिल्या पावसाच्या तोंडावर पिकून एक-दोन दिवसांत खराब होतं. टाकी झाडाजवळच हवी.

झाडाजवळ आंबवणं मात्र इथे फार काळ गुन्हाच होतं. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने ताडी-माडीवर कर आणि परवाने लादले. १८९२ साली तर खास मोहफुलांसाठी कायदा आला, तोही ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) या दोन जिल्ह्यांपुरता. कर्जत तालुका नुकताच, १८९१ मध्ये, ठाण्यातून कुलाब्यात गेला होता. म्हणजे दोन्हींपैकी कुठल्याही जिल्ह्यात असता तरी सुटला नसता. मार्च-एप्रिलच्या पहाटे झाडाखाली पडलेली फुलं ठाकर-कातकरी वेचत, वाळवून खात, आणि त्यांची दारूही गाळत. सरकारला दिसली ती दारू. अन्न गेलं ते तिच्या जोडीने. १९४९च्या दारूबंदी कायद्यातही मोहफुलं राहिली, आणि ती वेचण्या-बाळगण्यावरचे निर्बंध राज्याने सैल केले ते २०२१ मध्ये. मोहाची दारू गाळीव, ती वाइन नव्हे, हे खरं. पण गावात छोट्या प्रमाणावर, बाहेरचं यीस्ट न घालता आंबवलेल्या पेयाला शहरात आज जो भाव मिळतो, तो पाहताना मला हा मोहफुलांचा कायदा आठवतो.

जांभळाची वाइन येईल तेव्हा येवो. तोवर घाटावरून किंवा परदेशातून आलेली सोपी ऑरेंज वाइन कर्जतला प्यायचीच असेल, तर ती पोपटीबरोबर प्यावी. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, भांबुर्ड्याचा पाला, ओवा आणि भरड मीठ हे सगळं मडक्यात ठासून वरून जाळ लावला, की त्या धुराला साधी पांढरी वाइन पुरत नाही आणि लाल वाइन वालाची चव झाकते. मधली तुरट वाइन इथे बरोबर बसते. बर्फाच्या बादलीत बुडवू नये. बारा-चौदा अंश पुरे, आणि डिसेंबर-जानेवारीत कर्जतच्या उघड्या अंगणात रात्री बाटली आपोआप तेवढी गार होत आलेली असते.