आधी तिथी, मग दुर्बीण

पक्षी पाहायचे तर पहाटे निघा, असे आपण मुलांना सांगतो. रानात ते खरे आहे. समुद्रकिनाऱ्यावर मात्र सूर्यापेक्षा चंद्राचे ऐकावे लागते. हे ठाऊक असूनही २०१९ च्या दुर्गाष्टमीला, केवळ रविवार आला म्हणून, आम्ही बारा शिक्षकांना घेऊन अलिबागजवळच्या आक्षीला गेलो. साडेसहाला पोचलो, तर चिखलाचा पट्टा पाण्याखाली आणि सुरूच्या बनात चार कावळे!

कोकणात भरतीचा हिशेब तोंडी करतात. तिथीच्या आकड्याला तीनने गुणावे, चाराने भागावे; येईल तितक्या वाजता भरती. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी मागे सरकते. त्याच्या सुमारे सव्वासहा तास आधी ओहोटी. शिवाय अष्टमीला भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फार लांब ओसरतही नाही.

पुढचा रविवार कोजागिरीचा होता. आठ वाजता उघड्या चिखलावर शेकडो पक्षी चरत होते. चिखल्याची चोच आखूड, पण डोळे मोठे. तो धावतो, थबकतो, किडा हलताना दिसला की टिपतो. तुतवार आणि टिलवा यांच्या चोचीच्या टोकाशी स्पर्श जाणणारे सूक्ष्म अवयव असतात, म्हणून न दिसणारे भक्ष्यही त्यांना चिखलात सापडते. कोरलाची वाकडी चोच तर वीतभर लांबीच्या जवळपास जाते. ती खेकड्याच्या बिळात खोल शिरते. एकाच चिखलात एवढ्या पंगती बसतात, त्या अशा.

आम्ही एका जागी बसून राहिलो. पाणी चढू लागले तसतसे पक्षीच आमच्याकडे सरकत आले. किनाऱ्यावर वाटाड्याचे निम्मे काम भरती करते.

अकराच्या सुमारास चिखल बुडाला आणि सगळे कोरड्या वाळूवर दाटीने, एका पायावर विसावले. तेवढ्यात आमच्यातले एक गुरुजी फोटोसाठी पुढे सरसावले. थवा उडाला, घिरट्या घालून बसला. गुरुजी पुन्हा पुढे, थवा पुन्हा वर. तिसऱ्या खेपेस आम्ही त्यांना थांबवले. टिलव्याचे वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम. तो उत्तर ध्रुवाजवळच्या सैबेरियातून येतो आणि वाटेत अंगातली चरबी जाळत येतो. या थव्यात त्याच उन्हाळ्यात जन्मलेली पिल्लेही असतात. ती बहुधा आईबापांच्या मागून, त्यांच्याशिवाय येतात. चिखल उघडा असेल तेवढाच वेळ खाणे. ते बुडाले की विश्रांती घेऊन मिळवलेले राखायचे. अशा वेळी प्रत्येक उड्डाण त्या शिल्लकीतून जाते.

गुरुजी ओशाळले, आणि मग त्यांनीच मागून धावत येणाऱ्या दोन कुत्र्यांना हाकलले.

सहलीसाठी द्वादशी ते पौर्णिमा किंवा अमावास्या हे दिवस निवडावेत. भरतीआधी तीन तास पोचावे, आणि पक्षी वाळूवर विसावले की मुलांना शंभर पावले दूर बसवावे.