जिप्सीत पाणी शिरतं कुठून?

नागझिऱ्याची जंगल सफारी पावसाळ्यात बंद असते. उघड्यावर उभी असलेली जिप्सी मात्र गळतच राहते. 1985 साली आलेली ही गाडी आता नवी मिळत नाही, तेव्हा आहे तीच जपायची. पाणी बहुधा छताच्या कापडातून नव्हे, तर त्याच्या शिवणीतून आणि काचेभोवतीच्या कडक झालेल्या रबरातून येतं. गळती शोधताना एकाने आत बसावं, दुसऱ्याने पाइपने पाणी मारत खालून वर जावं; वरून सुरुवात केली तर धार नेमकी कुठली, ते कळत नाही. तडकलेलं रबर बदलाच, त्यावर सिलिकॉन थापणं ही निव्वळ मलमपट्टी. ओलं छत घडी घालून ठेवू नका, बुरशी धरते. मॅट उचलून खालचा पत्राही कोरडा करा; गंज तिथूनच लागतो.