मल्लेश्वरमच्या दुकानात कोल्हापूरचा गूळ : लघुउद्योजकांचे कायदेशीर प्रश्न

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागाचा मराठी मुलखाशी जुना संबंध आहे. तेथील काडु मल्लेश्वर देवालयाच्या १६६९ च्या शिलालेखात व्यंकोजीराजे भोसले यांनी देवालयास मेदारनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आढळते. आज त्याच भागातील एखाद्या किराणा दुकानदाराने करवीर तालुक्यातील गुऱ्हाळाकडे एक किलोच्या वेष्टनबंद गुळाची मागणी नोंदवली, असे समजू. गुऱ्हाळ तेच, माल तोच. परंतु राज्याची हद्द ओलांडताच काही कायदेशीर बाबी पालटतात.

पहिला प्रश्न वस्तू व सेवा कराचा. वस्तूंची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आत असल्यास नोंदणी लागत नाही, हे बहुतेक गुऱ्हाळमालकांना ठाऊक असते. मात्र ही सवलत राज्यांतर्गत विक्रीपुरतीच आहे. करपात्र माल परराज्यात विकणाऱ्यास कायद्याच्या कलम २४ नुसार पहिल्या रुपयापासून नोंदणी बंधनकारक ठरते. मग गूळ करपात्र आहे काय? सुटा गूळ करमुक्त आहे; वेष्टनबंद व लेबल लावलेल्या गुळावर १८ जुलै २०२२ पासून ५ टक्के कर लागू झाला. म्हणजे ३० किलोचा सुटा रवा पाठविणाऱ्यास जे बंधन नाही, ते त्याच काहिलीतला गूळ एक किलोच्या पुड्यात भरणाऱ्यास आहे. आपसमेळ योजनेचा, म्हणजे कंपोझिशनचा, मार्गही येथे बंद होतो. त्या योजनेतील उत्पादकास परराज्यात विक्री करता येत नाही. बचत गटांची चूक नेमकी येथे होते : मागणी आल्यावर आधी पिशव्या छापल्या जातात आणि नोंदणीचा विचार पहिल्या बिलाच्या वेळी सुरू होतो.

पिशवीवरील मजकुरालाही नियम आहेत. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क देणे आवश्यक आहे. हा मजकूर देवनागरीतील हिंदीत अथवा इंग्रजीत हवा. मराठी वा कन्नड मजकूर जोडीला चालतो, पण केवळ मराठी लेबल पुरेसे नाही. ते सांगली-कोल्हापुरातही पुरेसे नसते; तेथे कोणी हटकत नाही, इतकेच. अन्नसुरक्षा नोंदणीचा क्रमांकही लेबलवर हवा. उलाढालीनुसार नोंदणी लागेल की परवाना, हे अर्जाच्या वेळी पोर्टलवरील चालू मर्यादा पाहून ठरवावे, कारण या मर्यादा बदलतात.

‘कोल्हापूर गूळ’ या नावास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केवळ गुऱ्हाळ कोल्हापुरात असल्याने ते मानांकन पिशवीवर छापण्याचा हक्क मिळत नाही. त्यासाठी उत्पादकाने भौगोलिक उपदर्शन नोंदवहीत अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद करून घ्यावी लागते. दूरच्या बाजारात माल नावावरच विकला जातो, म्हणून हा खटाटोप टाळू नये.

सर्वांत अधिक विचारला जाणारा प्रश्न थकलेल्या पैशांचा. बंगळूरच्या दुकानदाराने रक्कम अडविल्यास तेथे जाऊन दावा लावावा लागेल, या भीतीने अनेकजण येणे सोडून देतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ येथे मोठा आधार आहे. लेखी करार नसल्यास माल स्वीकारल्यापासून १५ दिवसांत, आणि करार असला तरी कमाल ४५ दिवसांत, सूक्ष्म वा लघु उत्पादकास पैसे देणे खरेदीदारावर बंधनकारक आहे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज आकारता येते. मुख्य म्हणजे कलम १८ नुसार दाद विक्रेत्याच्याच राज्यातील सुकरता परिषदेकडे मागता येते; खरेदीदार भारतात कोठेही असो. परिषदेच्या निवाड्यास खरेदीदाराने आव्हान द्यायचे ठरविल्यास त्याला निवाड्याच्या ७५ टक्के रक्कम आधी न्यायालयात भरावी लागते.

या संरक्षणासाठी उद्यम नोंदणी माल पाठविण्यापूर्वीच करून ठेवणे हिताचे; पैसे थकल्यावर केलेल्या नोंदणीवरून वाद उद्भवतात. दुकानदाराची लेखी मागणी, बिलाची प्रत, वाहतुकीची पावती आणि माल मिळाल्याची तारखेसह पोच ही चार कागदपत्रे प्रत्येक खेपेची स्वतंत्र फाईलमध्ये ठेवावीत. फोनवरील तोंडी मागणी स्वीकारली असल्यास त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर नग, भाव व पैसे देण्याची मुदत लिहून दुकानदाराचा होकार घ्यावा.