‘काढ’ म्हणजे नक्की काय?

मराठीत ‘काढणे’ या क्रियापदाइतकं राबणारं क्रियापद दुसरं नसेल. आपण रांगोळी काढतो, फोटो काढतो, आठवण काढतो, बँकेतून पैसे काढतो, आणि वेळ आली की जुनं भांडणही उकरून काढतो. हेच क्रियापद आता शेअर बाजाराचं खातं सांभाळणाऱ्या एआयला ऐकवून पाहा.

मैत्रिणींनो, माझं काम ऐकून जुहूतल्या आमच्या सोसायटीतल्या बायका हसतात. दुपारी शेजारच्या बेन टीव्हीवर बाजाराचे भाव बघत वटाणे सोलत असतात आणि मी लॅपटॉपवर चार ओळी लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. “एवढंसं लिहायला अख्खा दिवस?” असं त्या विचारतात. हो, एवढंसंच!

त्याचं असं आहे. एआय सहायकाला (याला ‘एजंट’ म्हणतात, आपला एलआयसीवाला नव्हे बरं का) तुमचं खातं आपोआप दिसत नाही. त्याच्या हाताशी काही ‘टूल’ दिलेली असतात. एक शेअरची यादी आणतं, एक पैशांची शिल्लक सांगतं, एखादं ऑर्डर पाठवतं. कोणतं कधी वापरायचं, हे तो टूलचं नाव आणि त्यासोबतचं वर्णन वाचून ठरवतो. आतला प्रोग्राम त्याला दिसत नाही. तुम्ही माहेरी गेलात आणि जावेने तुमचं स्वयंपाकघर हाती घेतलं, तर तिला डब्यांवरच्या चिठ्ठ्यांचाच आधार, तसंच हे. पिठीसाखर आणि खायचा सोडा, दोन्ही डब्यांवर ‘पांढरी पूड’ असं लिहिलं तर ते खोटं नाही. पण त्या दिवशीचा शिरा कोण खाणार?

ही टूल जोडण्याची एक सामाईक पद्धत, एमसीपी नावाची, अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केली. आपल्याकडे बंगळूरच्या झिरोधाने २०२५ मध्ये ‘काइट एमसीपी’ आणलं. खातेदाराने स्वतः लॉगिन करून परवानगी दिली की सहायक त्याची होल्डिंग्ज वाचून प्रश्नांची उत्तरं देतो. कंपनीने स्वतः चालवलेल्या सेवेतून सुरुवातीला ऑर्डर टाकणारी टूल वगळली होती. मला ते शहाणपणाचं वाटलं.

मी ज्यांच्यासाठी लिहिते, त्यांच्या चाचणीच्या खात्यात मात्र विक्रीचंही टूल होतं. शेअर खोटे, पैसे खोटे. दिवाळीत कराडहून माझ्या वन्सं आल्या होत्या. यजमानांच्या मागे त्यांचे शेअर आता वन्संच्या नावावर आलेत. लेकीच्या फीची सारी भिस्त त्यांच्यावर. म्हटलं, वन्सं, तुम्हीच बोलून बघा याच्याशी. त्या फोन तोंडाशी धरून म्हणाल्या, “माझे बँकेचे शेअर काढ बघू.”

उत्तर आलं, चाळीस शेअर बाजारभावाने विकण्याची ऑर्डर तयार आहे, पाठवू का?

“अगं बाई! मी यादी काढ म्हणाले याला!”

टूलचं वर्णन उघडून पाहिलं, तर कुणीतरी इंग्रजीवरून घाईने उतरवलेली एकच ओळ: ‘शेअर घेण्यासाठी किंवा काढण्यासाठी.’ त्या बिचाऱ्या यंत्राने तरी काय करावं? मी ते असं लिहिलं: ‘हे टूल शेअर विकण्याची खरी ऑर्डर बाजारात पाठवते. ग्राहकाने विकायचे आहेत असे स्पष्ट म्हटले तरच वापरा. “काढ”, “काढून दाखव”, “बघू” यांसाठी होल्डिंग्जचे टूल आहे. शंका असल्यास विचारा. कंपनी, संख्या आणि भाव वाचून दाखवा. होकार मिळाल्याशिवाय पाठवू नका.’ अर्थात वर्णन ही नुसती चिठ्ठी, कुलूप नव्हे. होकाराशिवाय ऑर्डर पुढे जाऊ नये, ही सोय ब्रोकरच्या प्रोग्राममध्येही हवीच, आणि ती मी भांडून करून घेतली.

विक्रीचं निदान चटकन लक्षात येतं. आकडे मात्र गुपचूप फसवतात. ‘आज किती वाढलं?’ या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या यादीत दिवसाचा फरक पुष्कळदा एका शेअरमागे दिलेला असतो. शंभर शेअर असतील आणि भाव चार रुपये वाढला असेल, तर वाढ चारशेची. पण ‘दिवसाचा बदल’ एवढंच लिहून ठेवलं, तर सहायक खुशाल ‘चार रुपये’ सांगून मोकळा होतो. त्याहून वाईट म्हणजे ‘उपलब्ध रक्कम’. तुम्ही शेअर तारण ठेवले असतील, तर त्यावर मिळालेली मर्यादाही तीत धरलेली असू शकते. त्या रकमेवर व्यवहार करता येतात, पण ती बँकेत नेता येत नाही. म्हणजे वन्संनी ‘फी भरण्याइतके आहेत का?’ विचारावं, याने ‘हो’ म्हणावं आणि कॉलेजच्या खिडकीशी पंचाईत!

शिवाय शेअर आज विकले म्हणून पैसे आज हातात येत नाहीत. जानेवारी २०२३ अखेरपासून आपल्याकडे सगळ्याच शेअरचा हिशेब साधारणपणे व्यवहारानंतरच्या कामकाजाच्या दिवशी पुरा होतो. शुक्रवारी विकलं तर सोमवार उजाडतो. हेही वर्णनात लिहावं लागतं, नाहीतर यंत्राला ते सुचणार कसं?

तेव्हा असा सहायक तुम्ही जोडलात, तर त्याने आकडा सांगितला की विचारा: हा कुठल्या यादीतून आणलास, कधीचा आहे, आणि यातले बँकेत किती नेता येतील? आणि ओटीपी मात्र त्याला सांगू नका. तो ब्रोकरच्या लॉगिनच्या पानावर तुम्हीच टाकायचा.

या आठवड्यात माझ्यासमोर ‘मोडणे’ आहे. एफडी मोडतात, सोनं मोडतात, पाचशेची नोटही मोडतात. वन्सं सांगतात, त्यांच्या आळीत शेअरसुद्धा मोडतात. तुमच्या गावात शेअर विकण्याला काय म्हणतात? जरूर कळवा, वर्णनात घालते.