गोळ्यांची केमो म्हणजे गरिबाची केमो? आधी हे समजून घेऊ

"नुसत्या गोळ्याच दिल्यात बघा, ताई. म्हणजे डॉक्टरनी हात टेकले व्हय?"

तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या घरी गेल्यावर हा प्रश्न मला अनेकदा ऐकावा लागतो. कोल्हापूर-निपाणी हा आपला तंबाखूचा पट्टा. रानात तंबाखू, हातात विडी, दातांना मशेरी. त्यामुळे हा आजार आपल्या वस्त्यांना नवा नाही. पण या प्रश्नामागे आणखी एक शंका असते: सलाइनमधली केमो पैसेवाल्यांना आणि गोळ्या आपल्याला! ज्यांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या दुय्यम वागणूक आली, त्यांना अशी शंका येणारच. मात्र तिच्यापायी काही जण गोळ्या मध्येच सोडतात. म्हणून या गोळ्या काय काम करतात, हे कार्यकर्त्यांना माहीत असायला हवं.

कर्करोगाची गाठ वाढायची तर तिला रक्त लागतं. एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जायला तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या हव्या असतात. हा विचार अमेरिकन शल्यविशारद ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडला. गाठ रसायनं सोडते आणि शेजारच्या रक्तवाहिन्यांना तिच्या दिशेने फुटवे फुटतात.

१९९७ मध्ये ताकायुकी असाहारा आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या रक्तात रक्तवाहिन्या घडवणाऱ्या पूर्वपेशी असल्याचं दाखवलं. या पेशी हाडांतल्या मगजातून रक्तात येतात. कुठे इजा झाली, रक्तपुरवठा तुटला, की तिथे पोहोचून दुरुस्तीला हातभार लावतात. म्हणजे त्या आपल्या शरीराच्या गवंडीच. पण गाठही तशीच हाक देते, आणि हे गवंडी तिच्याकडेही कामाला जातात.

नेहमीची केमो मोठ्या डोसमध्ये, साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने देतात. मधली सुट्टी शरीर सावरायला हवीच असते. पण त्याच सुट्टीत हे गवंडीही सावरतात. इटलीतल्या फ्रान्चेस्को बेर्तोलिनी यांच्या गटाने २००३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. मोठ्या डोसनंतर काही दिवसांतच या पूर्वपेशी जोमाने रक्तात उतरल्या. तेच औषध थोडं थोडं, सतत दिलं तेव्हा त्यांची संख्या घटत गेली आणि गाठही जास्त काळ आटोक्यात राहिली. या पद्धतीला मेट्रोनॉमिक केमोथेरपी म्हणतात. संगीत शिकणारे ताल धरायला टकटक करणारं यंत्र वापरतात, त्यावरून हे नाव पडलं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट ठेवू. माणसाच्या गाठीत या पूर्वपेशींचा वाटा किती, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत; काही गाठींमध्ये तो फारच कमी आढळला. शिवाय या गोळ्या कर्कपेशींवर आणि सूजेवरही काम करतात. म्हणून केवळ उंदरांवरच्या प्रयोगावर विसंबून चालत नाही, रुग्णांवरची चाचणी पाहावी लागते.

ती चाचणी आपल्याच महाराष्ट्रात झाली. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलने शस्त्रक्रियेने बरा होण्यापलीकडे गेलेल्या डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला शिरेतून सिस्प्लॅटिन, दुसऱ्याला मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिब या जुन्या, स्वस्त गोळ्या. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सिस्प्लॅटिनच्या गटात निम्मे रुग्ण ६.१ महिन्यांहून जास्त जगले, गोळ्यांच्या गटात ७.५ महिन्यांहून जास्त. गंभीर दुष्परिणामही गोळ्यांच्या गटात कमी होते. म्हणजे या टप्प्यावर गोळ्या दुय्यम नव्हत्या, सरस ठरल्या.

पुढे टाटाने अशा तीन गोळ्यांसोबत निव्होलुमॅब हे महागडं औषध अगदी कमी, म्हणजे २० मिलिग्रॅम डोसमध्ये देऊन पाहिलं. नुसत्या गोळ्यांवर वर्षभरानंतर १६.३ टक्के रुग्ण हयात होते. निव्होलुमॅब जोडल्यावर ४३.४ टक्के.

म्हणून घरच्यांना आपण चार गोष्टी सांगू शकतो.

एक, "हीच गोळी का?" हे डॉक्टरांना विचारायचा रुग्णाला पूर्ण हक्क आहे. शंका जरूर विचारा, पण गोळ्या परस्पर बंद करू नका. या उपचाराची ताकद सातत्यात आहे.

दोन, मेथोट्रेक्सेट या उपचारात आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. वार ठरवून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. तोंड आलं, ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी कधीच घेऊ नका.

तीन, "स्टेम सेलने कर्करोग बरा" अशा जाहिरातींना भुलू नका. रक्ताच्या काही कर्करोगांत मगजाचं प्रत्यारोपण करतात, तो मान्य उपचार आहे. तोंडाच्या गाठीवर मात्र असा उपचार नाही.

चार, दीड महिन्याचा फरक मोलाचा असला तरी गाठ लवकर सापडली तर वर्षं वाचतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड उघडताना त्रास, यांपैकी काही दिसलं तर सीपीआरला किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून घ्या.

मित्रांनो, वस्तीतल्या पुढच्या बैठकीला दंतवैद्यांना बोलवा. अर्धा तास पुरेल. आणि त्या दिवशी सर्वांत आधी आपलं स्वतःचं तोंड तपासून घ्या.