बेकारी आणि गुन्हेगारी : अर्धं खरं असलेलं एक वाक्य

आजचा विषय आपल्याकडे एका वाक्यात संपवला जातो. 'हाताला काम नाही, म्हणून पोरं बिघडली.' घोरावाडी स्टेशनवर लोकलची वाट बघताना हे वाक्य सहज कानावर पडतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. आणि त्या अर्ध्या तथ्याचा त्रास होतो तो ज्याला काम नाही त्यालाच. कारण मग प्रत्येक बेकार मुलगा संशयित ठरतो.

आपल्या राज्यातलंच उदाहरण घेऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारोंची नोकरी कायमची गेली. 'बेकारी म्हणजे गुन्हा' हे समीकरण बरोबर असतं, तर गिरणगाव गुन्हेगारांनी भरून गेलं असतं. तसं झालं का? नाही. कोणी गावाकडे परतला, कोणी भाजीची गाडी लावली, कोणी वॉचमन झाला. बायकांनी पोळ्या लाटल्या, खानावळी चालवल्या. टोळ्यांमध्ये गेली ती काही मोजकी पोरं, आणि त्यांत बरीचशी पुढच्या पिढीतली.

ती का गेली? आता बघा, नोकरी जाते तेव्हा फक्त पगार जात नाही. पाळीची वेळ जाते, सोबती जातात, घरात बापाच्या शब्दाला असलेलं वजन जातं. मुलासमोर 'मोठं होऊन असं व्हायचं' असा नमुनाच उरत नाही. हे झालं एक कारण.

दुसरं कारण आपण विसरतो. कोणालातरी ही पोरं हवी असतात. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीनंतर गिरण्यांच्या जमिनी विकण्याचा मार्ग मोकळा झाला. जिथे जमिनीला सोन्याचा भाव येतो, तिथे धाक दाखवणाऱ्या माणसांनाही भाव येतो. ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'मध्ये हे फार पूर्वी सांगितलंय. थंडीपासून वाचायला कोणी जुलमी सत्ताधीश होत नाही. मोठे गुन्हे गरजेतून नव्हे, हावेतून होतात, असा त्याचा आशय. अमेरिकेत २००९ मध्ये बेकारी दहा टक्क्यांवर गेली, तरी तिथली नोंदलेली गुन्हेगारी त्या काळात घटत होती. म्हणजे नुसत्या बेकारीच्या आकड्यावरून गुन्ह्यांचं भाकीत करता येत नाही.

आता हाच संबंध उलट्या दिशेने पाहू. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. अशा रेल्वेमार्गांनी बैलांच्या पाठीवरून मीठ-धान्य वाहणाऱ्या भटक्या समाजांचा धंदा बसवला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा आणला, १९११ मध्ये तो देशभर लागू करण्याची सोय झाली. आधी काम गेलं, मग जन्मावरच गुन्हेगारीचा शिक्का बसला. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणात राहिली. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पण ज्याच्यावर शिक्का होता, त्याला काम कोण देणार?

हा प्रश्न आजही आपल्या दारात आहे. तळेगाव-चाकण पट्ट्यात कारखाने आहेत, पण बरंच काम कंत्राटी. एखाद्या मुलाचं मारामारीत नाव आलं, की पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत ते आडवं येतं. कंत्राटदार गेटवरूनच परत पाठवतो. मग त्याला विचारणारा एकच उरतो, जमिनीचा ताबा घ्यायला पोरं गोळा करणारा. इथे गुन्ह्यातून बेकारी आली, आणि त्या बेकारीतून पुढचा, मोठा गुन्हा.

म्हणून माझं म्हणणं असं. बेकारी हे गुन्ह्याचं कारण नव्हे, ती फक्त दार उघडं ठेवते. आत कोण येणार, हे बाहेर कोण उभं आहे त्यावर ठरतं. तेव्हा पहिल्या चुकीनंतर मुलाला काम मिळेल अशी सोय करा, आणि त्याला वापरणाऱ्या पैशावर कायद्याची नजर ठेवा. आपण नेमकं उलटं करतो. मुलाला पकडतो आणि पैसेवाल्याला सत्काराला बोलावतो.